मनगटदुखी, ई-स्पोर्ट्स खेळाडूंची

स्पर्धात्मक व्हिडिओ गेम रोज तासन्‌तास खेळणाऱ्यांना मनगटात, अंगठ्याच्या बुडाशी किंवा कोपरापुढच्या हातात होणारे दुखणे. हा एकच आजार नव्हे. थकलेले स्नायू, सुजलेल्या कंडरा (स्नायूंना हाडाशी जोडणारे दोर), दबलेली नस अशी वेगवेगळी कारणे या एका तक्रारीमागे असतात.

तक्रार जुनीच आहे. ‘स्पेस इन्व्हेडर्स’ खेळणाऱ्याच्या मनगटाविषयीचे पत्र ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये १९८१ साली छापून आले होते. १९९० साली त्याच नियतकालिकात अशा दुखण्याला ‘निन्टेन्डिनायटिस’ हे काहीसे थट्टेखोर नाव मिळाले. अमेरिका व कॅनडातील ६५ महाविद्यालयीन ई-स्पोर्ट्स खेळाडूंच्या २०१९ मधील पाहणीत ३६ टक्क्यांनी मनगटदुखी सांगितली. वैद्यकीय मदत घेतलेले मात्र अवघे २ टक्के होते.

कोल्हापुरात मनगट दुखते म्हटले, की ‘ताकद कमी पडतेय, तालमीत जा’ हे उत्तर तयार असते. राजर्षी शाहूंनी १९१२ साली खासबाग मैदान उभारलेल्या, पेठापेठांत तालमी असलेल्या या शहरात ते साहजिकच आहे. हौद्यातली तांबडी माती फावड्याने उकरणे, दोर चढणे, जोडीदाराचे मनगट धरून ठेवणे यांतून पैलवानाची पकड घडते. पण हे उत्तर अर्धेच बरोबर आहे.

पकड मोजायला डायनॅमोमीटर वापरतात. खुर्चीत बसून, कोपर काटकोनात ठेवून मूठ आवळायची आणि सहसा तीन प्रयत्न घ्यायचे. १७ देशांतील सुमारे १.४ लाख लोकांवरील, २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलेल्या अभ्यासात कमी पकडीचा संबंध मृत्यूच्या वाढत्या जोखमीशी आढळला आणि हे यंत्र एकदम प्रसिद्ध झाले. एकंदर प्रकृतीचा अंदाज घ्यायला हा आकडा चांगला; मनगट का दुखते, हे तो सांगत नाही. शिवाय दुखरा हात पूर्ण जोराने आवळलाच जात नाही. त्यामुळे आकडा कमी आला, तर अशक्तपणामुळे दुखणे आले की दुखण्यामुळे आकडा घसरला, हे एका मोजणीवरून ठरवता येत नाही.

गेममध्ये जोर फारसा लागत नाही, टिकाव लागतो. बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) या फोनवरच्या नेमबाजीच्या गेमची लढत अर्धा तासही चालते. तेवढा वेळ फोनचे वजन बोटांवर तोललेले, ‘क्लॉ’ पद्धतीत तर्जन्या पडद्यावर वाकलेल्या, अंगठे सतत फिरते आणि जायरो (फोन कलवून नेम धरण्याची सोय) चालू असेल तर मनगटही हलते. मूठ वळवणारे स्नायू काम करत असताना मनगट सावरून धरण्याचे काम कोपरापुढच्या हाताच्या वरच्या बाजूचे स्नायू करतात, आणि बहुधा तेच आधी थकतात. खिशात स्प्रिंगचा ग्रिपर ठेवून दिवसभर दाबणारी मुले आधीच राबणाऱ्या स्नायूंवर आणखी बोजा टाकतात. त्यापेक्षा टेबलावर हात टेकवून हलके वजन मनगटाने सावकाश वर-खाली करणे आणि ते वजन आठवड्यागणिक थोडे वाढवणे अधिक उपयोगी. तालमीचा खरा धडा हाच: वस्ताद नव्या पोराला पहिल्याच दिवशी शंभर जोर मारायला लावत नाही. आणि जोरांचे म्हणाल, तर तळवा जमिनीवर टेकला की मनगट मागे पार वाकते. दुखत असताना ते मुठीवर मारावेत किंवा थांबवावेत.

दुखणे नेमके कुठे आहे, यावरून बरेच कळते. अंगठ्याच्या बाजूला मनगटावर कळ येत असेल आणि अंगठा मुठीत घेऊन हात करंगळीकडे वाकवताना ती वाढत असेल, तर द कर्व्हांच्या आजाराचा, म्हणजे अंगठ्याच्या कंडरांचे आवरण जाड होऊन त्या अडकण्याचा, संशय घेतात. फ्रिट्झ द कर्व्हां या स्विस शल्यविशारदाने १८९५ मध्ये त्याचे वर्णन केले. अंगठा, तर्जनी, मधले बोट यांना रात्री मुंग्या येणे हे कार्पल टनेल या मनगटातील बोगद्यातली नस दबल्याचे लक्षण असते. त्या अरुंद वाटेतून नऊ कंडरा आणि ही नस एकत्र जातात. करंगळीला मुंग्या येत असतील, तर मूळ बहुधा कोपरात असते. गादीवर आडवे पडून, कोपर दुमडून फोन डोळ्यांसमोर धरणाऱ्यांनी ते आधी तपासावे.

बहुतेकांना सरावाचे तास कमी करणे, दोन लढतींमध्ये हात मोकळा सोडणे आणि वर सांगितलेला व्यायाम एवढ्याने आराम पडतो. द कर्व्हांत अंगठ्यासह मनगटाला, तर कार्पल टनेलमध्ये रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा देतात. पुढची पायरी स्टेरॉइडचे इंजेक्शन, आणि क्वचित शस्त्रक्रिया. बधिरपणा टिकून राहिला किंवा अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा बसू लागला, तर पुढच्या स्पर्धेपर्यंत थांबू नये, अस्थिरोगतज्ज्ञाला लगेच दाखवावे.