एका दात्याची किल्ली

नव्वदच्या दशकाच्या मध्यात नेटस्केप कंपनीचा नॅव्हिगेटर हा ब्राउझर वापरणाऱ्यांना खिडकीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात एक इवलीशी किल्ली दिसायची. साधं पान उघडलेलं असेल तर ती मोडलेली असे. सुरक्षित पानावर गेलं की अखंड होई. बारकाईने पाहिलं तर त्या अखंड किल्लीला कधी एक दाता असे, कधी दोन. दोन दाते म्हणजे पक्कं कुलूप आणि एक दाता म्हणजे कच्चं. पडद्यावर हा फरक जेमतेम काही ठिपक्यांचा होता, पण आपला क्रेडिट कार्डाचा क्रमांक दुसऱ्याला वाचता येईल की नाही, हे त्यावर ठरत होतं.

एकाच ब्राउझरच्या किल्लीत असा फरक का? कारण अमेरिकी कायद्याने पक्क्या कूटलेखनाला, म्हणजे मजकूर परक्याला वाचता येऊ नये असा बदलण्याच्या तंत्राला, युद्धसामग्रीच्या यादीत बसवलं होतं. देशाबाहेर पाठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये गुप्त किल्ली, म्हणजे ते कूट उघडणारा आकडा, ४० बिटांपेक्षा (बिट म्हणजे एक शून्य किंवा एक) मोठी ठेवायची मुभा नव्हती. म्हणून नेटस्केपने एकाच क्रमांकाच्या दोन आवृत्त्या काढल्या. अमेरिकेतल्यांसाठी १२८ बिटांची, बाकी सगळ्या जगासाठी ४० बिटांची. नाव तेच, चेहरामोहरा तोच, आवृत्तीचा आकडाही तोच.

४० बिटांच्या किल्ल्या एकूण होतात साधारण १ लाख १० हजार कोटी. माणसाला ही संख्या प्रचंड वाटते. यंत्राला ती एकेक करून तपासता येते. १२८ बिटांच्या बाबतीत तो विचारही करता येत नाही, कारण एकेक बिट वाढला की शक्यता दुप्पट होतात आणि इथे ८८ बिट जास्त आहेत. यातली मला सर्वात अस्वस्थ करणारी गोष्ट अशी, की निर्यातीच्या आवृत्तीतही किल्ली १२८ बिटांचीच बनत होती. फक्त त्यातले ८८ बिट ब्राउझर उघडपणे तारेवरून पाठवून देत होता. कुलूप लावायचं आणि त्याच्या आकड्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक आकडे दारावरच लिहून ठेवायचे, असा तो प्रकार होता.

ऑगस्ट १९९५ मध्ये फ्रान्समधल्या इन्रिया या संशोधन संस्थेत काम करणाऱ्या दामिएँ दोलिगेझ यांनी अशी एक किल्ली शोधून दाखवली. तीन संस्थांमधले शंभरावर संगणक मोकळ्या वेळात कामाला लावून त्यांनी ८ दिवसांत एका सुरक्षित संदेशाचं कूट उलगडलं. एक दाता म्हणजे नेमकं किती संरक्षण, याचं उत्तर जगाला दिवसांच्या हिशेबात मिळालं.

निदान दोन दातेवाले तरी निर्धास्त होते का? पुढच्याच महिन्यात बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले दोन विद्यार्थी, इयन गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर, यांनी त्याचंही उत्तर दिलं. ती गोष्ट सावकाश समजून घेण्यासारखी आहे.

गुप्त किल्ली चांगली असायची तर ती कुणालाही ओळखता न येणारी, म्हणजे यादृच्छिक असावी लागते. संगणक तर ठरलेल्या नियमांनी चालणारं यंत्र. त्याला खरी यादृच्छिकता आपली आपण निर्माण करता येत नाही. म्हणून तो एक सुरुवातीचा आकडा घेतो, ज्याला बीज म्हणतात, आणि त्यावर गणिती प्रक्रिया करून पुढचे आकडे काढतो. ते आकडे दिसतात अस्ताव्यस्त, पण बीज कळलं की सगळी मालिका जशीच्या तशी पुन्हा काढता येते. या दोघांकडे ब्राउझरचा मूळ प्रोग्राम नव्हता. त्यांनी तयार यंत्रभाषेतून उलट वाट काढत बीज कुठून येतं हे शोधलं. सापडलं ते असं : त्या क्षणाची वेळ आणि यंत्रावर चालू असलेल्या प्रक्रियांचे दोन क्रमांक. बस, एवढंच. युनिक्स ही अनेकांनी एकत्र वापरायची प्रणाली असेल, तर त्याच यंत्रावर खातं असलेल्या कुणालाही ते क्रमांक साध्या आज्ञेने दिसत. वेळ सेकंदापर्यंत कळत होती. राहिले फक्त मायक्रोसेकंद, म्हणजे १० लाख शक्यता. त्या तपासायला तेव्हाच्या संगणकालाही मिनिटभर पुरे होतं.

किल्ली १२८ बिटांची असो की ४० बिटांची, दोन्ही एकाच बीजातून उगवत होत्या. दोन दात्यांची किल्लीही आतून पोकळ निघाली. नेटस्केपने काही दिवसांतच दुरुस्ती केली. ऑक्टोबर १९९५ मध्ये, २.० च्या बीटा म्हणजे चाचणीच्या आवृत्तीसोबत, दोष शोधून कळवणाऱ्यांना बक्षीस द्यायची योजनाही जाहीर केली. दोष दाखवणाऱ्याला शत्रू न मानता त्याचे आभार मानायचे, ही वाट ब्राउझरच्या जगात इतक्या लवकर निघाली याचं मला फार अप्रूप वाटतं.

पण दुरुस्ती झाली, म्हणजे ती वापरणाऱ्याच्या संगणकावर पोहोचली असं नव्हे. ब्राउझर तेव्हा स्वतःहून अद्ययावत होत नसत. नवी आवृत्ती आल्याची बातमी आधी कानावर पडायला हवी, मग ती उतरवून घ्यायला हवी. २८.८ किलोबिटच्या मोडेमवर १० मेगाबाइटची फाइल यायला पाऊण तास लागे आणि मध्येच फोन तुटला तर बहुधा पुन्हा पहिल्यापासून. आपल्याकडे दुरुस्त ब्राउझर आहे की जुनाच, हे सांगणारी एकच खूण होती : आवृत्तीचा आकडा.

आणि तो आकडा वाचणं दिवसेंदिवस अवघड होत गेलं. १९९६ च्या सुरुवातीला आलेल्या नॅव्हिगेटर २.० मध्ये जावा या भाषेत लिहिलेले छोटे प्रोग्राम पानासोबत येऊन चालू लागले. त्यांना कडक नियम होता : ज्या सर्व्हरवरून, म्हणजे पान पुरवणाऱ्या संगणकावरून आलात, त्याच्याशीच बोलायचं. पण इंटरनेटवर एका नावामागे अनेक पत्ते असू शकतात आणि ती यादी नावाचा मालकच पुरवतो. हल्लेखोराने यादीत आपल्या पत्त्याशेजारी तुमच्या कार्यालयातल्या आतल्या यंत्राचा पत्ता घातला, की ब्राउझर ते यंत्रही ‘त्याच सर्व्हरचं’ मानायचा. ही फट २.०१ मध्ये बुजवली. मग प्रिन्स्टन विद्यापीठातल्या ड्रू डीन, एडवर्ड फेल्टन आणि डॅन वॉलक यांनी आणखी गंभीर भगदाड दाखवलं, त्यातून तर हवी ती आज्ञा वापरणाऱ्याच्या यंत्रावर चालवता येत होती. त्यासाठी २.०२ आली. म्हणजे ‘माझ्याकडे दोन नंबरचा ब्राउझर आहे’ या वाक्याला काही अर्थच उरला नाही. सगळं शेवटच्या अंकावर येऊन ठेपलं, जो बहुतेकांनी कधी वाचलाही नसेल. भरीला बीटा आवृत्त्या, संपादकासह येणारी ‘गोल्ड’ आणि १९९७ पासून नॅव्हिगेटरला पोटात घेणारा ‘कम्युनिकेटर’ हा संच. मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये तर पुढे माहितीच्या खिडकीत आवृत्तीखाली ‘क्यू’ने सुरू होणाऱ्या दुरुस्ती-क्रमांकांची रांग दिसू लागली. आकडा पुरेना, म्हणून आकड्याला शेपूट.

याच काळात ब्राउझर सर्व्हरला आपली ओळख खोटी सांगायला लागले होते. पान मागताना प्रत्येक ब्राउझर आपलं नाव आणि आवृत्ती कळवतो. नेटस्केप स्वतःला ‘मोझिला’ म्हणवत असे. त्याला जमणाऱ्या गोष्टी इतरांना जमत नव्हत्या, म्हणून अनेक सर्व्हर ‘मोझिला’ हा शब्द दिसला तरच चांगलं पान देत. मग एक्सप्लोरर २.० ने सांगायला सुरुवात केली : ‘मोझिला/१.२२’, आणि कंसात आपलं खरं नाव. पुढे आलेल्या बहुतेक ब्राउझरांनी हाच कित्ता गिरवला. आजही तुमच्या फोनवरचा ब्राउझर बहुधा ओळख सांगताना ‘मोझिला/५.०’नेच सुरुवात करतो. २००९ मध्ये ऑपेरा या ब्राउझरची दहावी आवृत्ती यायची झाली तेव्हा लक्षात आलं, की कित्येक संकेतस्थळं आवृत्तीचा फक्त पहिला अंक वाचतात आणि दहाला एक समजतात. शेवटी ऑपेरा १० ला स्वतःची ओळख ‘ऑपेरा/९.८०’ अशी द्यावी लागली.

निर्यातीचे निर्बंध २००० साली सैल झाले आणि एका दात्याच्या किल्लीची गरज संपली. पण सर्व्हरांवर तिचं कुलूप शिल्लक राहिलं, कारण जुना ब्राउझर घेऊन येणाऱ्याला परत पाठवायला कोणी धजेना. नेटस्केपने १९९५ मध्ये आणलेली एसएसएल २.० ही सुरक्षित संवादाची पद्धत अशीच, कुणी वापरत नसतानाही चालू ठेवलेली. मार्च २०१६ मध्ये ‘ड्राउन’ नावाचा हल्ला जाहीर झाला. एखाद्या सर्व्हरवर ही जुनी पद्धत चालू असेल, तर त्याच सर्व्हरशी आधुनिक ब्राउझरने केलेला, २०४८ बिटांच्या किल्लीने राखलेला संवादही तिच्या आधाराने फोडता येतो, असं संशोधकांनी दाखवलं. त्यासाठी प्रत्यक्षात शोधावी लागत होती ती निर्यातीच्या काळातली ४० बिटांची किल्लीच. भाड्याच्या संगणकांवर हे सगळं काम ८ तासांच्या आत झालं, खर्च आला ४४० डॉलर.