वार्षिकांक (सुपरहिरो कॉमिक्स)

अमेरिकी सुपरहिरो कॉमिक्सच्या मासिक अंकांखेरीज स्वतंत्र अनुक्रमांक देऊन काढला जाणारा जाड विशेषांक. इंग्रजीतील ‘ॲन्युअल’ हेच नाव सर्वत्र रूढ आहे. ‘जायंट’ आणि ‘किंग-साइझ स्पेशल’ हे त्याचेच जवळचे प्रकार होत.

उगम : पहिला वार्षिकांक कोणता, याविषयी एकमत नाही. काहींच्या मते तो मान न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने १९३९ मध्ये निघालेल्या अंकाकडे जातो. त्याच्या मुखपृष्ठावर सुपरमॅनचे केस सोनेरी रंगवले गेले होते. २५ सेंट किंमत जड वाटल्याने ती लवकरच १५ सेंटवर आणावी लागली. १९४० मध्ये दुसरा अंक निघाला आणि त्याच्या मुखपृष्ठावर सुपरमॅन, बॅटमॅन व रॉबिन प्रथमच एकत्र दिसले. मात्र १९४१ पासून या उपक्रमाचे रूपांतर त्रैमासिकात झाले, त्यामुळे त्याला पूर्वज म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते. फॉसेट प्रकाशनाने १९४१-४२ च्या सुमारास न खपलेले अंक एकत्र बांधून ५० सेंटला विकले. ती मुख्यतः शिल्लक मालाची विल्हेवाट होती. ब्रिटनमध्ये नाताळात निघणाऱ्या पुठ्ठाबांधणीच्या वार्षिकांची परंपरा जुनी असली, तरी अमेरिकी अंक मऊ मुखपृष्ठाचे आणि बहुधा उन्हाळी सुट्टीतल्या विक्रीवर बेतलेले असल्याने तो संबंध नावापुरताच मानावा लागतो.

सलग परंपरा सुरू झाली ती १९६० च्या सुपरमॅन वार्षिकांकापासून. त्याचा हिशेब सरळ होता : नेहमीचा अंक ३२ पानी आणि १० सेंटला, वार्षिकांक ८० पानी आणि २५ सेंटला, म्हणजे पानेही अडीचपट आणि किंमतही अडीचपट. मजकूर मात्र जुन्याच कथांचा. चित्रकार-लेखकांना त्या काळी पानामागे एकदाच मोबदला मिळे, पुनर्मुद्रणाचे काहीही मिळत नसे. प्रकाशकाचा फायदा नेमका तिथे होता, आणि या प्रकाराच्या इतिहासात ही बाब फारच कमी वेळा नोंदली जाते. नाव वार्षिक असले तरी सुपरमॅनचा दुसरा वार्षिकांकही १९६० मध्येच निघाला. १९६४ पासून सुपरमॅनची प्रकाशनसंस्था डीसीने ‘ऐंशी पानी जायंट’ हे नाव स्वीकारले.

नवी कथा : डीसीची प्रतिस्पर्धी प्रकाशनसंस्था मार्व्हलने या साच्याला वळण दिले. १९६३ च्या ‘फँटॅस्टिक फोर’ वार्षिकांकात ३७ पानांची नवी कथा होती. पुढच्याच वर्षी आलेला ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’चा पहिला वार्षिकांक (लेखक स्टॅन ली, चित्रकार स्टीव्ह डिटको) हा या प्रकाराचा सर्वोत्तम नमुना मानण्यास हरकत नाही. डॉक्टर ऑक्टोपस, इलेक्ट्रो, क्रेव्हन, मिस्टेरिओ, सँडमॅन आणि व्हल्चर हे सहा शत्रू त्यात एकजूट करतात, पण लढतात एकेकटे. आणि अशा प्रत्येक लढतीला डिटकोने एक पूर्ण पान दिले आहे. मासिक अंकाच्या दाटीवाटीत हा ऐसपैसपणा परवडला नसता. ओलीस धरलेल्या, स्पायडर-मॅनच्या मे काकूला डॉक्टर ऑक्टोपस अतिशय सभ्य गृहस्थ वाटतो, हा प्रसंगही त्यातलाच. त्यानंतर मालिकेतील मोठ्या घटना वार्षिकांकासाठी राखून ठेवण्याचा पायंडा पडला : ‘फँटॅस्टिक फोर’मधील रीड रिचर्ड्स व सू स्टॉर्म यांचा विवाह (१९६५), त्यांच्या मुलाचा जन्म (१९६८), पीटर पार्कर (म्हणजेच स्पायडर-मॅन) व मेरी जेन यांचा विवाह (१९८७).

उत्तरकाळ : १९७० च्या आसपास मार्व्हलचे वार्षिकांक बहुतांशी पुन्हा पुनर्मुद्रणाकडे वळले. याला ठळक अपवाद १९७५ च्या ‘जायंट-साइझ एक्स-मेन’चा (लेन वाइन, डेव्ह कॉक्रम). त्याने स्टॉर्म, नाइटक्रॉलर व कोलोसस यांना प्रथम आणले आणि बंद पडल्यासारखी झालेली मालिका उभी केली. ‘रोग’ (Rogue) या पात्राचे पहिले दर्शनही १९८१ च्या ‘ॲव्हेंजर्स’ वार्षिकांकातलेच. १९८८ पासून एकच कथा अनेक मालिकांच्या वार्षिकांकांतून फिरवण्याची पद्धत आली. वाचकाला आवडत्या मालिकेबाहेरचे अंकही घ्यावे लागू लागले आणि स्वयंपूर्ण कथेचे समाधान हरवले. डीसीने १९९३ मध्ये याच पद्धतीने अनेक नवे नायक आणले. त्यांपैकी गार्थ एनिस व जॉन मॅक्रे यांचा हिटमॅन सर्वांत टिकला. त्याची स्वतंत्र मालिका १९९६ ते २००१ या काळात ६० अंक चालली.