मासेमारी नौकेचा अपघात: विम्याचा दावा कसा करावा, कोणते कागद लागतात

नौका बुडाली, आदळली किंवा खलाशी पाण्यात पडला, तर आधी मदत मागा: तटरक्षक दल 1554, सागरी पोलीस 1093, व्हीएचएफ (नौकेवरचा बिनतारी संच) असल्यास चॅनेल 16. कळवलेली वेळ आणि जीपीएसवरचे अक्षांश-रेखांश तिथेच लिहून ठेवा. जबाब, पंचनामा, दावा सगळीकडे हेच आकडे लागतात. ते जुळले नाहीत की फाईल परत येते.

विमा कोणाला मिळतो?
प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतला गट अपघात विमा 18 ते 70 वयाच्या मच्छीमारांसाठी आहे. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास 5 लाख रुपये, कायमचे अंशतः अपंगत्व आल्यास अडीच लाख, रुग्णालयाचा खर्च 25 हजारांपर्यंत. हप्ता सरकार भरते, खिशातून काही जात नाही, त्यामुळे आपले नाव यादीत चढले की नाही हे कोणी बघतही नाही. अपघाताच्या दिवशी ते यादीत असावेच लागते. हंगामापुरता आलेला खलाशी नेमका इथे अडकतो. नौकामालकाने मच्छीमार संस्थेकडे किंवा मत्स्यव्यवसाय परवाना अधिकाऱ्याकडे हंगामाआधीच खात्री करून घ्यावी.

पोलीस ठाणे
बंदराला लागताच तांडेलाने (नौका चालवणाऱ्या प्रमुखाने) जबाब द्यावा. मृत्यू झाला असल्यास अकस्मात मृत्यूची नोंद होते. मोठ्या जहाजाने धडक दिली असेल तर गुन्हाच नोंदवायला सांगा. ‘आमची हद्द नाही’ असे उत्तर मिळाले तर शून्य क्रमांकाने, म्हणजे हद्द न पाहता, नोंद घ्यायला लावा, कायद्यात तशी तरतूद आहे.

कागदपत्रे
दाव्याचा अर्ज, पोलीस नोंद व पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, मृत्यू दाखला, मृताचे आणि वारसाचे आधार, वारसाचे बँक पासबुक, मच्छीमार असल्याचा पुरावा, नौकेची नोंदणी व परवाना. अपंगत्वासाठी सरकारी रुग्णालयाचे प्रमाणपत्र, उपचारासाठी डिस्चार्ज कार्ड आणि मूळ बिले. मृत्यूची नोंद 21 दिवसांत करा, नंतर विलंब शुल्क आणि परवानगीचे सोपस्कार वाढत जातात.

शवविच्छेदन अहवाल नीट वाचा. ‘व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले अवयवांचे नमुने) राखून ठेवला’ असा शेरा असेल तर मृत्यूचे कारण अजून ठरलेले नाही. प्रयोगशाळेचा अहवाल आल्यावर डॉक्टरांचा अंतिम अभिप्राय मिळतो आणि दावा तोवर थांबतो. हा अभिप्राय कोणी घरपोच आणून देत नाही, पोलीस ठाण्यात पाठपुरावा करावा लागतो. नौकेवर हृदयविकाराने आलेला मृत्यू अपघात धरला जात नाही, म्हणून या एका ओळीला एवढे वजन.

मृतदेह सापडला नाही तर
सर्वांत अवघड प्रकरण हेच. बेपत्ता झाल्याची नोंद त्याच दिवशी करा. सात वर्षे काहीच ठावठिकाणा लागला नाही तर कायदा मृत्यू गृहीत धरतो, आणि त्यासाठीही सहसा न्यायालयाचा आदेश आणावा लागतो. तेव्हा साथीदार कुठे असतील सांगता येत नाही. म्हणून सोबतच्या प्रत्येक खलाशाचा जबाब, शोधमोहिमेची नोंद आणि परवाना अधिकाऱ्याचा अहवाल यांच्या प्रती आताच मिळवा.

नौकेचे नुकसान
वरचा विमा माणसांचा आहे. नौकेची पॉलिसी वेगळी असते, आणि विमा कंपनीचा सर्वेक्षक (नुकसान तपासणारा) पाहून जाईपर्यंत दुरुस्तीला हात लावू नये. फुटलेली फळी बदलून टाकली की नुकसान दाखवायला काही उरत नाही. कंपनीला लेखी कळवा, फोटो काढा, आणि प्रत्येक अर्जाच्या प्रतीवर तारखेची पोच घ्या.