पटचा शेवटचा एक फूट

गोल्फ बघताना बऱ्याच जणांना एक गोष्ट हमखास खटकते. ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या गवतावर, पाय ठेवला की खेळाडू एकदम सोवळ्यात असल्यासारखे वागायला लागतात. दुसऱ्याच्या बॉलपासून होलपर्यंतच्या लाइनवर पाय द्यायचा नाही, लांब टांग टाकून ती ओलांडायची, होलच्या अगदी कडेला उभं राहायचं नाही, पाय घासत चालायचं नाही. त्यावर "श्रीमंतांचे नखरे" हा शेरा ठरलेलाच. पण यातले बरेचसे नियम म्हणजे चक्क शाळेतलं भौतिकशास्त्र आहे, आणि ते एकदा कळलं की पटिंग (ग्रीनवर बॉल होलकडे गडगडवत मारणं, असा एक फटका म्हणजे पट) बघण्यात वेगळीच मजा येते.

ग्रीनवरचं गवत साधारण 3 मिलिमीटरवर कापलेलं असतं. त्यावर बॉल किती पळतो हे मोजायला स्टिम्पमीटर वापरतात, मूळ कल्पना एडवर्ड स्टिम्पसन यांची, 1935 सालची. 36 इंच लांब खोबणीची पट्टी, बस. तिच्या खाचेत बॉल ठेवून एक टोक हळूहळू उचलायचं, साधारण 20 अंशांना बॉल खाचेतून आपोआप सुटतो आणि दरवेळी जवळपास सारख्याच वेगाने, म्हणजे सेकंदाला 1.83 मीटरच्या आसपास, ग्रीनवर उतरतो. पुढे जितके फूट पळेल तो त्या ग्रीनचा आकडा. 10 आला तर ग्रीन बऱ्यापैकी फास्ट समजा.

आता खरी गंमत इथे आहे. आकडा 10 म्हणजे बॉल सुमारे 3 मीटर पळून थांबला, गतीच्या समीकरणात टाकलं की त्याचा वेग दर सेकंदाला साधारण 0.55 मीटर प्रतिसेकंदाने कमी होतोय असं निघतं. अशा सपाट ग्रीनवर 6 मीटर गडगडून थांबणारा पट घ्या. त्याला सुरुवातीला सुमारे 2.6 मीटर प्रतिसेकंद वेग लागतो, म्हणजे पहिला एक फूट तो 0.12 सेकंदात पार करतो, आणि शेवटचा एक फूट? जवळपास पूर्ण एक सेकंद! अंतर तेवढंच पण वेळ आठ-नऊ पट. उतार बॉलला बाजूला ओढतो तो दर सेकंदाला सारखाच ओढतो, त्यामुळे जिथे बॉल जास्त वेळ रेंगाळतो तिथेच त्याला जास्त खेचून घेतो, शिवाय पुढे जायचा वेग उरलेला नसल्याने तेवढ्याच खेचण्याने दिशा कितीतरी जास्त बदलते. म्हणून पट होलजवळ आल्यावर अचानक वळल्यासारखा दिसतो. बुटाने दबलेल्या गवताचंही तेच, सुरुवातीच्या फुटात असा खड्डा बॉलला जाणवतही नाही, शेवटच्या फुटात तोच त्याला लाइनवरून काढतो. आणि सगळेच खेळाडू होलपाशी येतात, त्यामुळे सगळ्यात जास्त तुडवलं जातं ते नेमकं तिथलंच गवत.

अजून एक, माझी सगळ्यात आवडती गोष्ट. पटरने (पट मारायच्या स्टिकने) मारल्याबरोबर बॉल गडगडत नाही, आधी घसरतो. घर्षण त्याचा पुढचा वेग कमी करतं आणि त्याच वेळी त्याला फिरवायला लागतं, फिरण्याचा वेग पुढच्या वेगाशी जुळला की घसरणं संपतं. फिरकीशिवाय निघालेल्या एकसारख्या भरीव गोळ्यासाठी त्या क्षणी मूळ वेगाचा 5/7 भाग शिल्लक राहतो, मग गवत गुळगुळीत असो की खरखरीत. घर्षण जास्त तर हा टप्पा लवकर येतो, कमी तर उशिरा, पण 5/7 बदलत नाही, कारण जमिनीवरच्या रेषेभोवतीचा कोनीय संवेग (फिरण्याच्या गतीचं माप) घर्षणाला बदलता येत नाही, घर्षण त्या रेषेतूनच काम करतं. किती सुंदर आहे हे!

"बॉल नेहमी पाण्याकडे वळतो" हे मात्र डोक्यातून काढून टाका. पाण्यात कसलीही ओढ नसते, जमीन बहुतेक वेळा पाण्याच्या बाजूला उतरती असते आणि वळवतो तो उतार. बॉल उचलताना त्याच्या जागेवर खूण म्हणून लकी नाणं ठेवलं म्हणून पट पडत नाही, आणि महागड्या पटरच्या जाहिराती काहीही म्हणोत, बॉल एकदा सुटला की पटरचा त्याच्यावर काडीचाही हक्क नसतो.

2019 पासून नियमही थोडे शहाणे झालेत. आधी ग्रीनवर बॉल पडून झालेला पिच मार्क आणि जुन्या होलचं बुजवलेलं भोक एवढंच नीट करता यायचं, बुटाच्या खुणांना हात लावला की पेनल्टी. आता बुटाच्या खुणाही दुरुस्त करता येतात. ग्रीनवर चुकून बॉल हलला तर पेनल्टी नाही, तो परत जागेवर ठेवायचा. फ्लॅगची काठीही होलमध्ये ठेवून पट मारता येतो, आणि जोरात आलेला बॉल काठीला मधोमध लागला तर काठी त्याचा वेग खाते.

पिच मार्क दुरुस्त करताना फोर्क (त्यासाठीचा छोटा काटा) घालून मधली माती वर उचकटू नका, त्याने मुळं तुटतात आणि तो ठिपका बरेच दिवस तपकिरी राहतो. कडेचं गवत चहूबाजूंनी मध्ये ढकला आणि वरून पटरने हलकेच दाबा.