बाथरूमचं छत आणि रंगातली भोकं

घर रंगवायला काढलं की हॉलच्या एका भिंतीसाठी शेड कार्डावर घरभर खल चालतो. बाथरूमच्या छताची पाळी आली की पेंटर म्हणतो, "तिथं डिस्टेंपर मारून टाकू, वर कोण बघतंय?" आपणही मान डोलावतो. छताला पाणी कुठे लागतंय, हा त्यामागचा समज. मग दुसऱ्या पावसाळ्यात कोपऱ्यात काळे ठिपके दिसू लागतात आणि खापर फुटतं रंगाच्या कंपनीवर.

छताला पाणी लागतं, आणि रोज लागतं. ३० अंश सेल्सिअसच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते, २० अंशाला जेमतेम १७. डिसेंबरात पुण्या-नाशकात सर्वांत वरच्या मजल्याचा स्लॅब रात्रभर उघड्या आकाशाखाली निवत असतो. सकाळी गरम पाण्याची आंघोळ झाली की दमट, उबदार हवा वर जाऊन त्याला टेकते आणि तिच्यात न मावणारं पाणी तिथेच सोडते. मुंबईत आणि कोकणात स्लॅब एवढा गार पडत नाही, पण जुलैमध्ये बाहेरची हवाच इतकी दमट असते की एकदा ओलं झालेलं छत लवकर वाळत नाही. बुरशीला दोन्ही सारखंच. तिचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. पृष्ठभागालगतची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर दिवसेंदिवस टिकली की ते रुजतात. खायला साबणाचा सूक्ष्म थर, धूळ आणि अंगाचं तेल पुरतं. त्यामुळे खरा प्रश्न छत ओलं होतं का, हा नाहीच. ते किती वेळ ओलं राहतं, हा आहे. रंगाचं 'फिनिश' इथे कामाला येतं.

मॅट, सॅटिन, ग्लॉस या शब्दांचा संबंध आपण फक्त चकाकीशी जोडतो. चकाकी हा वरवरचा परिणाम झाला, कारण रंगाच्या पोटात असतं. पाणी उडून गेल्यावर भिंतीवर उरतात मुख्यतः दोन गोष्टी: घन कण आणि त्यांना धरून ठेवणारा बाइंडर. कणांमध्ये पांढरेपणा देणारं महागडं टायटॅनियम डायऑक्साइड असतं आणि स्वस्त भराव म्हणून खडूची पूड. बाइंडर भरपूर असेल तर चिक्कीसारखं होतं: दाण्यांमधली प्रत्येक फट गुळाने भरलेली, वरचा पृष्ठभाग गुळगुळीत आणि चमकदार. बाइंडर कमी पडला तर राजगिऱ्याचा लाडू होतो. कण एकमेकांना कसेबसे चिकटतात, मध्ये हवा राहते आणि वरून सगळं खडबडीत.

यातली मजा अशी, की एकातून दुसऱ्यात जाणं हळूहळू होत नाही. अ‍ॅस्बेक आणि व्हॅन लू या दोन रंग-संशोधकांनी १९४९ मध्ये दाखवलं, की वाळलेल्या थराच्या आकारमानातला कणांचा वाटा एका ठराविक मर्यादेपलीकडे गेला, की रंगाचे गुण एकदम पालटतात. याला 'क्रांतिक प्रमाण' म्हणू. बहुतेक रंगांत ते ४० ते ६० टक्क्यांच्या आसपास येतं. त्याच्या अलीकडे बाइंडर सलग असतो, पाणी आत शिरायला वाट नसते. पलीकडे गेलात की फटी उघड्या पडतात, पाणी आत मुरतं, ओलं फडकं फिरवलं की रंग फडक्यावर येतो. स्वस्त डिस्टेंपर आणि छतासाठीचे बरेच स्वस्त मॅट रंग मुद्दामच पलीकडे नेलेले असतात.

मुद्दाम का? कारण हवा फुकट मिळते आणि पांढरी दिसते! खडूचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाशाला वळवण्याच्या क्षमतेचा आकडा, साधारण १.६, बाइंडरचा १.५. एवढ्याशा फरकाने प्रकाश फारसा वळत नाही, त्यामुळे बाइंडरमध्ये बुडालेला खडू जवळपास पारदर्शक असतो. हवेचा अपवर्तनांक मात्र १. खडू आणि हवेच्या प्रत्येक सीमेवर सरळ येणारा सुमारे ५ टक्के प्रकाश परत फिरतो. अशा असंख्य सीमा एकापुढे एक आल्या की थर पांढराशुभ्र दिसतो, टायटॅनियमचा खर्च वाचतो. आता त्या फटींत पाणी गेलं. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, म्हणून त्याच सीमेवरून आता एक टक्क्याहूनही कमी प्रकाश परततो. पांढरेपणा ओसरतो, खालचा गिलावा डोकावतो. घरीच बघा: ओलं बोट छताच्या कोपऱ्यात टेकवा. क्षणात करडा डाग पडला आणि वाळल्यावर पुसला गेला, तर तुमच्या छताला भोकं आहेत. नुसता थेंब चिकटून राहिला, तर नाहीत.

म्हणून बाथरूमच्या छताला माझी पसंती सॅटिन किंवा सेमी-ग्लॉस अ‍ॅक्रिलिक इमल्शनला. दवाचे थेंब त्यावरही जमतात, किंबहुना जास्त ठळक दिसतात आणि लोकांना वाटतं या रंगाने घाम वाढवला. डिस्टेंपरवर थेंब दिसत नाहीत कारण तो ते पितो आणि तासन् तास ओला राहतो. इमल्शनवरचं पाणी वरच राहतं, एक्झॉस्ट फॅन अर्धा तास चालू ठेवला की उडून जातं.

पूर्ण ग्लॉस नको. स्लॅबचा गिलावा कधीच सपाट नसतो आणि खिडकीतून तिरपा उजेड आला की प्रत्येक उंचवटा उठून दिसतो. ऑइल पेंट तर नकोच. नव्या गिलाव्यातला अल्कली त्यातल्या तेलाचा अक्षरशः साबण करतो, आणि उजेड कमी असेल तिथे हा रंग पिवळाही पडतो. चांगले, धुता येणारे मॅट रंगही मिळतात. त्यांत क्रांतिक प्रमाण न ओलांडता सिलिकाच्या बारीक कणांनी फक्त वरचा पृष्ठभाग खरखरीत केलेला असतो. तेव्हा मॅट म्हटलं की भोकंच, असंही नाही. डब्यावर 'वॉशेबल' लिहिलंय का ते पाहावं आणि वरची ओल्या बोटाची चाचणी करावी.

डब्यावरच्या 'अँटी-फंगल', 'नॅनो' या शब्दांनी मात्र भुलू नये. बुरशीनाशक असतं, पण ते हळूहळू धुपून संपतं. जुनी बुरशी न काढता वरून रंग फासला तर ती खालून पुन्हा डोकं काढतेच. आधी पातळ केलेल्या ब्लीचने छत पुसून, नीट वाळवून घ्यावं. त्यात टॉयलेट धुवायचं अ‍ॅसिड चुकूनही मिसळू नये, क्लोरीन वायू सुटतो.

आणि वास्तुदोषासाठी बाथरूममध्ये ठेवलेली ती मिठाची वाटी? मिठाला पाणी सुटलं की त्याने नकारात्मक ऊर्जा ओढून घेतली म्हणतात. शुद्ध मीठ ७५ टक्के आर्द्रतेला पाझरू लागतं, खडे मीठ त्यातल्या मॅग्नेशियम क्लोराइडमुळे त्याच्याही आधी. म्हणजे वाटी दिवसभर ओली असेल, तर बुरशीच्या ८० टक्क्यांपासून तुमची बाथरूम फार लांब नाही. वाटी ठेवायची तर ठेवा, आर्द्रतामापक म्हणून उत्तम आहे.

वरच्या फ्लॅटची बाथरूम गळत असेल, तर मात्र यातलं काहीच उपयोगाचं नाही. मग सलग, न पाझरणारा रंगच अडचण होतो: ओल त्याच्यामागे साठते, फुगे येतात, पोपडे सुटतात. कुठली ओल आहे ते ओळखायला फूटभर चौकोनी प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून छताला दोन दिवस डकवा. पाणी प्लास्टिकच्या खालच्या अंगाला जमलं तर ते तुमच्याच आंघोळीचं. प्लास्टिक आणि स्लॅबच्या मध्ये जमलं तर पेंटरला थांबवा आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला गाठा.