ख्रिस्ती विवाहविधीतील बालकांचा सहभाग

चर्चमधील विवाहात वधूपुढे फुले घेऊन चालणारी फ्लॉवर गर्ल, अंगठ्या आणणारा रिंग बेअरर, वधूच्या झग्याचा मागचा घोळ सावरणारे पेज बॉय आणि क्वचित वधूवरांना आधीच झालेली त्यांची स्वतःची मुले, अशा बालकांचा विधीतील वावर. कॅथलिक विधिग्रंथात यांपैकी कोणालाही काम नेमून दिलेले नाही. कॅथलिक चर्चची १९८३ ची धर्मसंहिता (कायदेसंग्रह) धर्मगुरूंखेरीज दोन साक्षीदार मागते. भारतातील १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यातही किमान दोन साक्षीदारांचीच अट आहे.

या प्रथेचे मूळ पुष्कळदा रोममध्ये शोधले जाते. रोमन कोशकार फेस्टस याच्या कोशानुसार आईवडील दोघेही हयात असलेले तीन मुलगे वधूला सासरी नेत. दोघे तिचा हात धरत, तिसरा पांढऱ्या काटेरी झुडपाची मशाल घेऊन पुढे चाले. पण ती घरची मिरवणूक होती, वेदीपुढचा विधी नव्हे. आजचे रूप बहुधा एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश सरदारघराण्यांच्या लग्नांतून रुळले, हे मत अधिक पटते. १९४७ साली वेस्टमिन्स्टर ॲबीत राजकन्या एलिझाबेथच्या मागे घोळ धरून चाललेले दोन्ही पेज पाच-पाच वर्षांचे होते.

मुलांच्या सहभागाला खरे कायदेशीर वजन होते ते मध्ययुगात. पोप तिसरा अलेक्झांडर (कारकीर्द ११५९–८१) याच्या निर्णयानुसार आईवडिलांच्या नंतरच्या विवाहाने आधीची अपत्ये औरस ठरत. इंग्लंड, फ्रान्स व जर्मन प्रदेशांत याची खूण म्हणून आशीर्वादाच्या वेळी वधूवरांवर धरलेल्या वस्त्राखाली मुलांनाही घेत. इंग्लंडमधील सॅरम (सॉल्झबरी) या उपासनापद्धतीत वधूवर वेदीच्या पायरीशी नतमस्तक झाले, की चार सेवक या वस्त्राची चार टोके धरत. जर्मन भाषेत अशा मुलांना ‘मांटेलकिंडर’, म्हणजे झग्याची मुले, म्हणत.

वस्त्राच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. काही अभ्यासक ते जर्मानिक टोळ्यांच्या दत्तकविधीतील झग्याशी जोडतात, तर काही चौथ्या शतकापासून ज्ञात असलेल्या विवाहवस्त्राशी. वस्त्र विवाहविधीत आधीपासूनच होते, हे पाहता दुसरे मत ग्राह्य वाटते. मात्र त्याखाली लेकराला घेण्यातला अर्थ दत्तकाचाच दिसतो. ‘पदरात घेणे’ म्हणणाऱ्या मराठी वाचकाला तो वेगळा उलगडून सांगायला नको.

इंग्लंडच्या कायद्याने मात्र ही खूण मानली नाही. लिंकनचे बिशप रॉबर्ट ग्रोसटेस्ट यांनी वस्त्राखालच्या मुलांचा दाखला देऊन आग्रह धरला, तरी १२३६ च्या मर्टन येथील सभेत सरदारांनी ‘इंग्लंडचे कायदे बदलणार नाही’ असे ठणकावले. वस्त्राखाली घेतलेले मूल चर्चच्या लेखी औरस, पण वारशाच्या लेखी अनौरसच राहिले. ही तफावत दूर व्हायला १९२६ चा कायदा यावा लागला. सध्याच्या धर्मसंहितेतही नंतरच्या विवाहाने अपत्य औरस ठरते. वस्त्राची गरज उरलेली नाही.

पुनर्विवाहांत मुलांना वचनांच्या वेळी जवळ उभे करण्याची किंवा त्यांच्यासह मेणबत्ती पेटवण्याची पद्धत अलीकडची आहे. मेणबत्तीला कॅथलिक विधीत स्थान नाही.

मुंबई, वसई व गोव्यातील विवाहांत फ्लॉवर गर्ल आणि पेज बॉय नेहमी दिसतात. पुष्कळदा बहीण-भावांची किंवा दिरा-नणंदांची मुले हे काम करतात. फार लहान मूल असेल तर उशीवर नुसती शोभेची अंगठी टाकून शिवतात आणि खऱ्या अंगठ्या बेस्टमनच्या, म्हणजे वराच्या पाठराख्याच्या, खिशात राहतात. वेदीपर्यंत पोचलेल्या मुलाला तिथूनच पहिल्या बाकावर बसलेल्या आईकडे पाठवतात.