पासष्ट अंशांवरची ओढाताण

परवा एका मित्राने घरच्या घरी बीअर करण्याच्या विजेच्या यंत्राची जाहिरात पाठवली. चकचकीत स्टीलचं उभं पिंप, पुढे आकडे दाखवणारी पट्टी आणि वर मोठ्या अक्षरांत दावा: बटण दाबा, बीअर तयार! खाली मित्राचा प्रश्न, "म्हणजे वॉशिंग मशीनसारखंच ना रे?"

नाही. ब्राउमायस्टर, ग्रेनफादर, ब्रूझिला अशा नावांनी मिळणारी ही यंत्रं दिवसभर चालवली तरी त्यातून बीअरचा थेंब निघत नाही. निघतं ते गोड-कडू तपकिरी पाणी. त्याला वर्ट म्हणतात आणि त्यात अल्कोहोल शून्य. बीअर करतं ते यीस्ट, तेही नंतर, दुसऱ्या भांड्यात, यंत्र धुऊन पुसून जागेवर ठेवल्यावर. यंत्र म्हणजे तळाशी कॉइल, आत जाळीच्या बुडाची बादली, खालचं पाणी वर नेऊन ओतणारा लहानसा पंप आणि एक थर्मोस्टॅट. थोडक्यात, शहाणं पातेलं. तरी मला ते फार आवडतं, आणि ते या थर्मोस्टॅटमुळे.

बार्लीचा, म्हणजे जवाचा दाणा कोंबासाठी पिष्टाची शिदोरी बांधून ठेवतो. दाणा भिजला की ती शिदोरी सोडण्यासाठी तो विकरं कामाला लावतो. मोड आले की दाणे भट्टीत वाळवायचे. हा झाला माल्ट. शिदोरी बहुतेक शाबूत, ती सोडणारे हात तयार, आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं तो कोंब मात्र थांबलेला. १८३३ साली पायेन आणि पेर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी माल्टच्या अर्कातून पिष्टाची साखर करणारा पदार्थ वेगळा काढला आणि त्याला डायास्टेज नाव दिलं. वेगळं काढलेलं हे पहिलं विकर. पुढे विकरांच्या नावांना 'एज' हे शेपूट लागलं ते यावरूनच.

डायास्टेजमध्ये खरं तर दोन मुख्य कामकरी आहेत: अल्फा अमायलेज आणि बीटा अमायलेज. पिष्टाचा रेणू म्हणजे ग्लुकोजच्या पेरांची फांदी समजा, ठिकठिकाणी बेचकी असलेली. बीटा टोकाकडून सुरुवात करतो आणि दोन-दोन पेरं मोडत आत येतो. दोन पेरांचा तुकडा म्हणजे माल्टोज, यीस्टचं आवडतं खाणं. पण बेचकं जवळ आलं की बीटा थांबतो. ते त्याला ओलांडता येत नाही. अल्फाला शिस्त नाही. तो कोयता घेऊन फांदीवर मधेच कुठेही वार करतो. (बेचक्याचा सांधा त्यालाही तुटत नाही.) त्याच्या वारांतून लहानमोठे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्याला नवं टोक मिळतं, जिथून बीटा पुन्हा कामाला लागू शकतो. जे तुकडे मोठेच राहतात त्यांना डेक्स्ट्रिन म्हणतात. बीअरच्या यीस्टला ते खाता येत नाहीत. ते बीअरमध्येच उरतात आणि तिला अंगाने दाट करतात.

आता तापमान. बीटाला साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअस मानवतात. ६७-६८ अंशांवर तो झपाट्याने निकामी होऊ लागतो. अल्फा ७० च्या आसपास जोमात असतो. मग बीटाला जपायला सगळं ५५ अंशांवरच का करू नये? कारण पिष्टाचे कण तोवर घट्ट मिटलेले असतात. बार्लीचं पिष्ट फुगून मोकळं होतं तेच मुळी ६० ते ६५ अंशांच्या दरम्यान. म्हणजे कोठाराचं दार उघडतं आणि नेमकी तेव्हाच एका कामकऱ्याची घरी जायची वेळ जवळ येते! ६३ अंशांवर तासभर ठेवलं तर बीटा पुष्कळ काम उरकतो, वर्टमध्ये यीस्टला खाता येणारी साखर जास्त येते आणि बीअर हलकी, कोरडी होते. ६९ वर ठेवलं तर बीटा लवकर गारद होतो, डेक्स्ट्रिन जास्त उरतात आणि बीअर दाट होते. माल्ट तोच, पाणी तेच. फरक सहा अंशांचा.

हे सहा अंश सांभाळणं दिसतं तेवढं सोपं नाही. २० लिटर पाणी ६९ अंशांवर आणून त्यात २५ अंशांचा ५ किलो भरडलेला माल्ट ओतला की मिश्रण थेट ६५ च्या आसपास उतरतं. शिवाय सेन्सर बसवलेला असतो तळाशी, कॉइलजवळ. माल्टचा थर उष्णता सहज आत घेत नाही. पंपाने फिरवलेलं पाणी जिथून वाट काढेल तिथेच ऊब पोचते. माझ्या पहिल्या वेळी पट्टीवर ६७ होते आणि बादलीच्या मध्यात खुपसलेला साधा थर्मामीटर ६३ दाखवत होता. आता मी पट्टीपेक्षा या काचेच्या नळीवर जास्त विश्वास ठेवतो. मोबाइलवर आलेख काढणारी काही महागडी यंत्रंही तळाचंच तापमान सांगतात; आलेख सुबक असला म्हणून तो बादलीच्या पोटातला होत नाही.

त्याच दिवशी दुसरा धडा मिळाला. माल्ट मी पिठासारखा बारीक दळला होता. पीठ जाळीतून खाली गेलं, तळाला बसलं, करपलं, आणि सुरक्षेचा कटऑफ पडून यंत्र बंद. ती बीअर विझलेल्या चुलीसारखी लागत होती. भरड हवी, टरफल शक्यतो अखंड. टरफलंच गाळणीचं काम करतात.

पिष्ट संपलं का, हे शाळेतल्या प्रयोगाने कळतं. पांढऱ्या बशीत वर्टचा थेंब, शेजारून आयोडीनचा थेंब सरकवायचा. दहाव्या मिनिटाला काळाभोर निळा डाग पडतो. पंचेचाळिसाव्या मिनिटाला आयोडीन आपल्या तांबूस रंगातच राहतं. ही बशी बघताना मी अजूनही सातवीतल्या मुलासारखा खूश होतो.

मग बादली उचलून निथळायची आणि वर्ट उकळायचा. इथे विजेचं गणित आडवं येतं. २५ लिटरला एक अंश चढवायला सुमारे १०५ किलोजूल लागतात, म्हणजे २००० वॉटच्या कॉइलला जवळजवळ ५२ सेकंद. ६६ वरून १०० वर जायला अर्धा तास, शिवाय हवेत जाणारी उष्णता वेगळी. (ज्याच्या नावाने आपण ऊर्जा मोजतो तो जेम्स जूल बीअर करणाऱ्या घराण्यातलाच.) उकळताना हॉप्स, म्हणजे एका वेलीची फुलं, टाकतात. त्यातली अल्फा आम्लं तासाभराच्या उकळीत रचना बदलतात, पाण्यात विरघळू लागतात आणि कडवटपणा येतो. झाकण मात्र उघडं हवं. माल्टमधून डायमिथाइल सल्फाइड नावाचं उकडलेल्या कोबीच्या वासाचं रसायन सुटतं. ते वाफेबरोबर निघून गेलेलं बरं.

इथे कुणीतरी हमखास विचारतं, "घरी केलेल्याने डोळे जात नाहीत ना?" ही भीती मिथेनॉलची. धान्याच्या किण्वनात मिथेनॉल जेमतेम नावापुरतं तयार होतं, कारण ते मुख्यतः फळांत असणाऱ्या पेक्टिन नावाच्या पदार्थापासून बनतं आणि धान्यात पेक्टिन फार थोडं. विषारी दारूने माणसं मरतात ती सहसा कुणी तरी औद्योगिक मिथेनॉल मिसळल्यामुळे. बीअर ऊर्ध्वपातनाने गाळतही नाहीत. घरच्या बीअरचा खरा धोका बाटलीचा आहे: किण्वन अर्धवट असताना बूच लावलं तर आतला कार्बन डायऑक्साइड काच फोडतो.

म्हणून बाटल्या भरण्याआधी घनता मोजणारा हायड्रोमीटर. वर्टची घनता पाण्याच्या तुलनेत १.०४८ असेल तर यीस्ट साखर खात जाईल तशी ती उतरते आणि दोन-तीन दिवस एकाच आकड्यावर थांबली की काम संपलं. मी एकाच माल्टच्या दोन घाण्या केल्या, एक ६३ अंशांवर, एक ६९ वर. दोन्हींची सुरुवात १.०४८. पहिली १.००९ वर थांबली, दुसरी १.०१५ वर. फरकाला १३१.२५ ने गुणलं की अल्कोहोलचं प्रमाण मिळतं: पहिलीत ५.१ टक्के, दुसरीत ४.३. मित्राला दोन्ही पेले दिले, कुठला कुठला ते न सांगता. कमी अल्कोहोलचा पेला त्याला जास्त "भारी" वाटला.